हलकी रायफल कशी निवडावी? नवशिक्या पालकांसाठी सोपं मार्गदर्शन

सर्वांत आधी रायफल निवडावी. मुलाला नेमबाजी आवडते का, जवळपास रेंज आहे का, पोर एका जागी पाच मिनिटं उभं राहतं का, हे प्रश्न किरकोळ आहेत आणि ते सावकाश सुटतात. रायफल दोन-तीन लाखांची असते. इतका मोठा निर्णय रात्री जेवणानंतर, मोबाइलवर, घाईत घेतलेलाच बरा.

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून बऱ्याच घरांत ही निवड सुरू आहे. दुकानात शिरल्या शिरल्या "कुसाळेची रायफल दाखवा" एवढं मात्र म्हणू नये. त्याचं पदक 50 मीटर थ्री पोझिशनचं. ती पॉइंट टू-टू बोअरची रायफल. तिला परवाना लागतो आणि नियमाने तिचं वजन आठ किलोपर्यंत जाऊ शकतं. तुमच्या चिरंजीवांच्या नशिबी आहे ती 10 मीटरची एअर रायफल: साडेचार मिलिमीटरची पॅलेट, सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा, आणि जोर 20 ज्यूलच्या पुष्कळ खाली असल्याने परवान्याची कटकट नाही. परवाना नाही म्हणजे खेळणं, असा अर्थ काढून गच्चीवरच्या कबुतरांपुढे तिचं उद्घाटन करू नये.

आता वजन. नियम म्हणतो, नेम धरायच्या साइटसकट साडेपाच किलोच्या वर नको. खाली कुठवर जावं याला बंधन नाही, आणि पालक नेमके तिकडेच घसरतात. "दप्तरानेच खांदे गेलेत हो पोराचे. साडेतीन किलोत नाही का काही?" दुकानदाराला हा प्रश्न अतिशय आवडतो. ज्युनियर मॉडेल पुढे येतं, मग अॅल्युमिनियमचा स्टॉक असलेलं. वजन जसजसं उतरतं तसतसा विक्रेत्याचा आवाज मृदू होतो.

रायफल हलकी आहे की नाही हे पाहण्याची रूढ पद्धत अशी: उजव्या हातात धरून दोनदा वर-खाली करावी आणि "हं" म्हणावं. मंडईत दुधी भोपळा असाच निवडतात. पद्धतीत दोष एकच, रेंजवर रायफल अशी कुणी धरत नाही. तिथे डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठ किंचित मागे आणि बाजूला झुकते, आणि रायफलीचा भार मनगटातून कोपरात, कोपरातून कमरेत, तिथून पायांवाटे जमिनीत जातो. हाताच्या स्नायूंनी पेललेली रायफल थरथरते. हाडांवर ठेवलेली पुष्कळ शांत राहते. म्हणून चांगला कोच सुरुवातीला रायफलीकडे कमी आणि तुमच्या मुलाच्या पायांकडे जास्त बघतो. यावर पालक नाराज होतात. दोन-तीन लाख रुपये खिशात घेऊन आलेल्या माणसाला पाय नीट ठेवण्याचा सल्ला फुकट मिळाला की अपमान झाल्यासारखं वाटतं.

सल्ला कुणाचा घ्यावा? घरात एक काका असतात, जोतिबाच्या यात्रेत सातपैकी सात फुगे फोडलेले. त्यांना अवश्य विचारावं. फुगा वीतभर असतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण हा तपशील काकांपुढे काढू नये, जेवणं व्हायची असतात.

त्या ठिपक्यामुळेच हलकेपणाचं गणित उलटतं. जड वस्तू जागची हलवायला कठीण, एवढं शाळेत शिकलेलं असतं. नळी हलकी असली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती दाद देते, श्वासाला देते, मागे कुणी दार आपटलं तर त्यालाही देते. वजन थोडं पुढे सरकवलं की नळी सुस्तावते, आणि नेमबाजाला सुस्त नळीच हवी असते. त्यामुळे हौसेने घेतलेल्या हलक्या रायफलीचं पुढे काय होतं, तर मुलगा किंवा मुलगी जरा बरं खेळू लागली की कोच सांगतात, "पुढे वजन लावा." कंपन्या बॅरल वेट विकतात, पोलादाचे छोटे देखणे गोळे, नळीवर सरकवून स्क्रूने पक्के करायचे. एक लावतात. मग दुसरं. बट प्लेटपाशी तोल सांभाळायला तिसरं. वजन काढून टाकल्याचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात. आता ते परत घालण्याचे मोजायचे. एवढी रीतसर उलाढाल मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

अर्थात साडेपाच किलोची रायफल दहा वर्षांच्या मुलाला देणारे पालकही आहेत, आणि त्यांची थट्टा करायला मला जमत नाही. वाढत्या कण्यावर, तोही मागे वाकवलेला असताना, रोज ते ओझं घालणं वाईटच. तेवढ्या वयात हलकी रायफल हवी. ती क्लबात असते, शेकडो मुलांच्या गालांनी गुळगुळीत झालेली, आणि लांबी मुलाच्या मापाला जुळवून घेता येते. शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गटही असतात, म्हणजे सुरुवात साध्या बंदुकीवर होऊ शकते. पण क्लबची रायफल घेऊन काढलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर तितकासा उठत नाही, म्हणून हा मार्ग इथे सुचवत नाही.

कन्या असेल तर एक हिशेब करून ठेवा. नेमबाज सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 400 पैकी 400 केले, तेव्हा महिलांना चाळीस शॉट असत. 2018 पासून महिलांनाही साठ. सव्वा तासात साठ वेळा साडेचार किलो उचलणं म्हणजे 270 किलो. मन न मानल्याने शॉट न मारता खाली ठेवलेली रायफल यात धरलेली नाही, आणि ती वेळ वरचेवर येते.

जॅकेटचं वजन कुणीच विचारत नाही. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं, ताठ, तशीच पँट, सपाट तळाचे बूट. जाडी आणि ताठरपणा स्पर्धेआधी यंत्रावर तपासतात. पुण्यात मे महिन्यात हे सगळं अंगावर चढवल्यावर रायफल हलकी वाटते, हा अनपेक्षित फायदा.

सेकंडहँड घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. त्यात दोनशे बारच्या दाबाने हवा भरायची असते आणि सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षं धरतात. विकणारा नळीची चमक दाखवत असतो तेव्हा तुम्ही खाली वाकून हे वाचायचं.

शेवटचा भाग विक्रीचा. दहावी आली की रायफल विकावी लागते. मजकूर तयार आहे, फक्त फोन नंबर घाला: "एअर रायफल देणे आहे. अत्यंत हलकी. जेमतेम वापरलेली. जादा वजनांचा पूर्ण सेट सोबत मोफत."