बोरूबहाद्दर

शारजा म्हटलं की आपल्या पिढीला १९८६ सालचा मियाँदादचा तो षटकार आठवतो आणि तोंड कडू होतं. आमच्या दाजींचं तोंड शारजात वेगळ्याच कारणानं कडू झालंय. त्यांना 'रे' येत नाही. अरबी लिपीतला रे. गेले अकरा महिने येत नाही.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. वय चोपन्न, बावीस वर्षं तिथं हिशेबनीस. शारजात सुलेखनाचं संग्रहालय आहे, आणि २००४ पासून दर दोन वर्षांनी सुलेखनाचं मोठं प्रदर्शनही भरतं. अशाच एका प्रदर्शनात दाजी उन्हातून जरा गारव्याला म्हणून शिरले आणि सुलुस शिकायचं ठरवूनच बाहेर पडले. सुलुस ही अरबी लेखनशैलींमधली सगळ्यात मानाची आणि सगळ्यात छळवादी. "पणजोबा कुलकर्णी होते, बोरूनं मोडी लिहायचे. रक्तातच आहे," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. रक्तात मधुमेहही आहे, त्याचं मात्र ते नाव काढत नाहीत.

हौशी माणसाची एक जात असते. पेटी शिकायची तर ती आधी पेटीला खोळ शिवते. दाजींनी महिनाभरात सात प्रकारचे बोरू जमवले, ते तासायचा चाकू घेतला आणि टोक छाटायला खाली धरायची पट्टी यायला उशीर झाला म्हणून ताईचा पोळपाट घेतला. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा गोळा घालतात, म्हणजे बोरू शाई बेतानं उचलतो. हे रेशीम कुठून आलं ते ताईला पुढं एका लग्नाला निघताना कळलं. पैठणीच्या पदराला दोन गोंडे कमी होते.

मग कागद. साधा कागद शाई पितो, म्हणून त्याला चहाच्या पाण्यात रंगवायचं, वर अंड्याचा पांढरा बलक तुरटी घालून फासायचा, घोटायचं आणि वर्षभर मुरू द्यायचं. आपल्याकडे लोणचं मुरतं तसं. पांढरं कागदाला गेलं, पिवळं कुठं जाणार? मी तिथं आठ दिवस होतो, आठही दिवस पिवळ्याची भुर्जी खाल्ली. अशा कागदावरची चूक ओल्या बोटानं पुसता येते, म्हणून जुने लोक बोट जिभेला लावत. शिकलेल्या माणसाला तुर्कीत 'शाई चाटलेला' म्हणतात ते यावरूनच, असं दाजींनी जीभ बाहेर काढून मला समजावलं. शाई काजळीची. ताई म्हणाली, "आधीच काळी जीभ, त्यात ही भर."

काजळी आणि डिंक एकजीव व्हायला शाई खूप ढवळावी लागते. पूर्वी म्हणे हजला निघालेल्या उंटांना शाईच्या बाटल्या बांधून देत, जाऊन येईपर्यंत घुसळून निघे. दाजींनी बाटली गाडीच्या आरशाला टांगली. पण शारजाहून दुबईला ऑफिसच्या वेळेला जाणाऱ्या रस्त्यावर गाडी हलेल तर शाई हलणार!

इतिहास मात्र त्यांच्या जिभेवर. म्हणजे शाईशेजारीच. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला यानं प्रत्येक अक्षर नुक्त्यांनी मोजून दिलं. नुक्ता म्हणजे बोरूच्या टोकानं उमटवलेला चौकोनी ठिपका. "मोजमापाची विद्या! म्हणजे आमचंच खातं," असं म्हणून दाजींनी नुक्त्यांचा तक्ता एक्सेलमध्ये मांडलाय. बेरजा बरोबर येतात. पुढं राजकारणात इब्न मुक्लाचा उजवा हात तोडला, तर तो उरल्या हाताला बोरू बांधून लिहीत राहिला म्हणतात. हे सांगताना दाजींचा आवाज दाटून येतो. "त्याला एका हातानं जमलं," ताई कांदा चिरता चिरता म्हणाली, "तुम्हाला दोन आहेत."

उस्मानी सुलतान दुसरा बायझीद आपल्या उस्तादांची, शेख हमदुल्लांची दौत स्वतः हातात धरून बसे, हेही दाजींनी एकदा तिला सूचकपणे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग बोलवा सुलतानाला."

दाजींचे उस्ताद इस्तंबूलच्या पठडीतले. तिथं पहिला धडा एकाच प्रार्थनेचा असतो : देवा, हे सोपं कर, अवघड करू नकोस आणि चांगल्या रीतीनं शेवटाला ने. तीच पुन्हा पुन्हा गिरवायची. आपला 'कित्ता' हा शब्द अरबीतूनच आला, हे दाजींनी उस्तादांना मोठ्या आनंदानं सांगितलं. उस्तादांनी मान डोलावली आणि कित्ता पुढं सरकवला. त्या प्रार्थनेतलं पहिलंच अक्षर रे. दाजींचा रे कधी विळ्यासारखा होतो, कधी केळ्यासारखा. उस्ताद रागावत नाहीत. लाल शाईनं खाली बरोबर रे काढतात, कुठं किती नुक्ते चुकले ते ठिपके देऊन दाखवतात आणि म्हणतात, "मर्रा सानिया." म्हणजे पुन्हा एकदा. जन्मभर दुसऱ्यांच्या खतावण्यांत लाल खुणा करणाऱ्या माणसाची वही आता लालीलाल आहे.

एक सांगायला हवं. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर दाजी जेवणाच्या टेबलावर मान तिरकी करून बसले होते. बोरू कागदावर करकरत होता. समोर रेच रे, चाळीसेक. त्यात एक मला बरा वाटला. तसं म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "शेपूट अर्धा नुक्ता लांब आहे." तो अर्धा नुक्ता मला शेवटपर्यंत दिसला नाही.

धडे पुरे झाले की उस्ताद इजाजत देतात. मग आपल्या लिखाणाखाली स्वतःचं नाव घालता येतं. त्याला बरीच वर्षं लागतात. त्या इजाजतपत्राची सोनेरी चौकट दाजींनी गेल्या दिवाळीलाच करून आणली आणि दिवाणखान्यात तिच्यासाठी खिळा ठोकला. चौकट सध्या कपाटामागं आहे. खिळ्याला ताईनं कालनिर्णय अडकवलंय.