लॉगिनराव गावी जातात

लॉगिनराव गणपतीला गावी जातात, पण रजा टाकत नाहीत. "तिथूनच करतो ना सगळं!" हे ते सरांना अशा थाटात सांगतात की आपणच फोर्टातल्या ऑफिसात रोज उगाच येतो, असं सरांना वाटावं. हा साक्षात्कार त्यांना 2020 च्या लॉकडाऊनमध्ये झाला. टॅली मुंबईच्या कॉम्प्युटरवर, आपण कणकवलीच्या पडवीत, मध्ये फक्त व्हीपीएन. त्या दिवसापासून त्यांची ये-जा मिटली. इतरांची पळापळ तेव्हाच सुरू झाली.

अर्थात, पडवी ही सांगण्यापुरती. पडवीत रेंज नसते. रेंज सड्यावर असते आणि भाद्रपदात सड्यावर पाऊस असतो. म्हणून लॉगिनराव माळ्याच्या जिन्यात बसतात, मोबाईल कौलाच्या फटीशी टांगून. माळ्यावरून नारळ, पाट, पितळी घंगाळं उतरवणारा प्रत्येक जण त्यांचा लॅपटॉप ओलांडून जातो. "कनेक्ट झालंय, कोणी हलू नका!" ही त्यांची आरोळी मागच्या परसापर्यंत ऐकू जाते. तोवर लाईट जाते.

लाईट आली की ऑफिसचा पडदा तुकड्यातुकड्याने उमटतो. चॅटवर सरांना 'ओके' लिहावं तर अक्षरं दिसत नाहीत, म्हणून लॉगिनराव पुन्हा दाबतात, मग आणखी जोरात दाबतात. अर्ध्या मिनिटाने सरांना एकदम 'ओकेओकेओकेओके' पोचतं. माणूस गावी गेल्यापासून भलताच उत्साहात आहे, असं सरांचं मत आहे.

गणपती कधीही येवोत, जीएसटीच्या 11 आणि 20 या तारखा ठाण मांडून असतात. कंपनीच्या रिटर्नवर सही डिजिटल आणि तिचं टोकन ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं. इथे खरी गंमत आहे. रिमोट डेस्कटॉपने आत शिरलं की त्या कॉम्प्युटरला स्वतःच्या पाठीतलं टोकन दिसेनासं होतं. ते तो कणकवलीच्या लॅपटॉपात शोधत बसतो. मग एनीडेस्क लावायचं. तिथे, आधी पासवर्ड ठेवला नसेल तर, समोरच्या माणसाने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबावं लागतं. लॉगिनरावांनी तो ठेवलेला नसतो. समोरचा माणूस म्हणजे ऑफिसातले शिपाईमामा.

"मामा, माझ्या टेबलावर बघा, अ‍ॅक्सेप्ट दाबा."

"दाबलं. साहेब, खुर्चीत कोण नाही आणि बाण फिरतोय!"

"मीच आहे तो!"

मामा दोन पावलं मागे सरकून बाणाला नमस्कार करतात. चहा द्यायचा का, असंही विचारतात.

यंदा मात्र भलतंच झालं. ऐन दुपारी खालून आईची हाक आली, "आरतीक येतलंस मां?" लॉगिनरावांनी घाईघाईत लॅपटॉप म्हणून जो बंद केला, तो फोर्टातला कॉम्प्युटर होता.

झोपलेला कॉम्प्युटर लांबून उठवायचा मंत्रही आहे. 'मॅजिक पॅकेट' म्हणतात त्याला. त्यात त्या यंत्राचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो, थोडक्यात, षोडशोपचार. पण त्यासाठी आधी त्या यंत्रात तशी सोय चालू करून ठेवावी लागते, आणि पॅकेट तिथल्याच नेटवर्कमध्ये सोडावं लागतं. हे सारं लॉगिनराव गावाहून परतले की करणार असतात. दरवर्षी.

सर दिल्लीला, बाकीचे सुट्टीवर, रिटर्न भरायला रात्री बारापर्यंत वेळ. लॉगिनरावांनी मामांना फोन लावला. पलीकडे झांजा वाजत होत्या.

"मामा, जरा माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबता का?"

"साहेब, मी कुडाळाक आसंय," मामा झांजांच्या वर आवाज चढवून म्हणाले. "रजा टाकून इलंय. आता आरती चालू झाली, मागीर बोलतंय!"