सेक्रेटरी

आमच्या वाडीत त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. पोरं ‘सेक्रेटरी आजा’ म्हणतात, आणि परड्यातून काकी ओरडतात, “अवो सेक्रेटरी, गुरं सुटली!”

हे वाडी विकास मंडळाचे चिटणीस. संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत उतरा, असा एक भेटेलच. पगार नाही, भत्ता नाही. आहे ती एक रेक्झिनची बॅग. तिच्यात इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तक, सुकलेलं स्टॅम्पपॅड, भांड्यांच्या खोलीची किल्ली आणि 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदल्याचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. त्यावरचा आकडा बघून मंडळ 1860 सालचं आहे, असा नव्या पोरांचा समज झाला आहे. सेक्रेटरींनी तो अजून खोडलेला नाही.

नोटिशीच्या तळाशी एक वाक्य ठरलेलं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. वाडीला हे तोंडपाठ आहे. म्हणून दहाची सभा साडेदहाला. तेवढ्यात लोक काजूच्या बिया उन्हात घालून येतात. सेक्रेटरी मात्र दहाला सहाणेपाशी सतरंजी अंथरतात, एकटेच बसतात, घड्याळ बघतात आणि एकट्यानेच सभा तहकूब करतात.

शिमग्याची सभा म्हणजे खरी सभा. तुतारी एक्स्प्रेसने उतरलेली मुंबई कमिटी एका बाजूला, गाव कमिटी दुसऱ्या बाजूला. मुंबईकर ठराव मांडतात, गाववाले तो उचलून धरतात. अगदी खरोखर उचलतात, कारण सिमेंटच्या गोणी घाटीवरून त्यांनाच चढवायच्या असतात.

मग हिशेब. सभामंडपाचे पत्रे, अडीच लाख. कोणी हूं की चूं नाही. ‘सुतळी, 40 रुपये’ म्हटल्याबरोबर चौघे उठले. एवढी सुतळी गेली कुठं? सेक्रेटरी काही बोलले नाहीत. मांडवाच्या खांबाला गुंडाळलेली उरलेली सुतळी सोडवून आणली आणि सभेपुढे हात-हात मोजून दाखवली. हिशेब सर्वानुमते मंजूर.

त्यानंतर विषय क्रमांक 7, आयत्या वेळचे विषय. यात दरवर्षी सेक्रेटरींचा राजीनामा असतो. “दुसरा कोणतरी बघा. मी दमलो.” चारजण “असं कसं, सेक्रेटरी” म्हणतात, तेवढ्यात चहा येतो, राजीनामा चहाबरोबर गिळला जातो.

यंदा मात्र मुंबईहून आलेला एक तरणा म्हणाला, “मंजूर करूया की. नव्या माणसाला संधी द्या.”

सभा गप्प. सेक्रेटरींनी बॅगेतून किल्ली काढून सतरंजीवर ठेवली.

“घे बाबा. टोप 4, पराती 6, पळे 9. दहावा वरच्या घरी बारशाला गेलाय, मागून आणायचा. नळाच्या पंपाचं बिल सोमवारी. पंप रुसला तर बुडाला लाथ घाल, पण डावीकडून. पदाधिकारी बदलला म्हणजे 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जायला हवा, तेव्हा रत्नागिरीची एक खेप धर. आणि खालच्या घरातले दोघे भाऊ बोलत नाहीत, वर्गणी दोघांकडे वेगवेगळी मागायची. एकाच पावतीवर दोघांची नावं घातलीस तर दोन्ही बुडाल्या.”

पोरगा किल्लीकडे बघत राहिला. त्याचं परतीचं तिकीट रविवारचं होतं. बाकीच्यांना एकाएकी कपातला चहा फार बघण्यासारखा वाटू लागला. किल्ली तशीच पडून होती.

शेवटी इतिवृत्त लिहायचं राहिलं. ते लिहिणारं दुसरं कोण? सेक्रेटरींनी वही ओढली, पेन झटकलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: “राजीनाम्याचा विषय गणसंख्येअभावी तहकूब.”

सतरंजीवर आम्ही सत्तर जण बसलो होतो. हरकत कोणीच घेतली नाही.