मयत ट्रकाचा दाखला

इलेक्ट्रिक ट्रक घेणाऱ्याला ९ लाख ६० हजारांपर्यंत अनुदान! उचगाव फाट्यावर ही बातमी चहाच्या दुसऱ्या घोटापर्यंत टिकली. तिसऱ्या घोटाला कुणीतरी खालची ओळ वाचली. आधी जुना डिझेल ट्रक मोडीत काढा, त्याचा दाखला आणा, मग बोला. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींतले ट्रकांसाठी ५०० कोटी, आणि साऱ्या देशात मिळून साधारण ५,६०० ट्रक. आमच्या ट्रकवाल्या अण्णांचा नंबर लागायला आधी देश थोडा आखडावा लागेल.

पण माझं डोकं त्या दाखल्यातच अडकलंय.

अण्णांचा सोळा-तेरा ट्रक मोडायचा, तर आधी तो नक्की कोण आहे हे ठरवायला हवं. चासी मूळची. इंजिनाचं बोअर दोनदा झालेलं. गिअरबॉक्स शिरोलीला मोडलेल्या एका गाडीचा, केबिन निपाणीकडच्या दुसऱ्या गाडीचं, हौदा गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर नवा बांधलेला. मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' तेवढा पहिल्यापासूनचा. यातलं मयत कोण? पिंड ठेवला तर कावळा कुणासाठी शिवायचा? बरं, नाक्यावरच्या भंगारवाल्यानं गॅसकटरनं तुकडे केले, तर तो मृत्यू सरकारदरबारी मान्य नाही. मरायचं ते नोंदणीकृत केंद्रातच. आणि घरातला ट्रक मारायला जीव धजत नसेल, तर दुसऱ्याच्या मयत गाडीचा दाखला ऑनलाइन विकत मिळतो. मयत त्यांच्यात, तेरावं आपल्यात, आणि जेवायला बॅटरीवाले! एकच ट्रक असलेल्यानं मात्र कमावती गाडी आधी मारायची आणि डिझेलपेक्षा दुपटी-तिपटीनं महाग गाडीसाठी बँकेच्या दारात बसायचं. तोवर घरी चूल कशावर पेटवायची, याचं कलम मला सापडलं नाही.

दाखल्यावरून आठवलं. माझे चुलते उभी हयात फौंड्रीत राबले. वाळू आणि लोखंडानं बोटांच्या रेघा पार खाल्ल्या. त्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मशीन अंगठा घेत नाही. समोर माणूस उभा आहे, खोकतोय, नाव सांगतोय, तरी काउंटरवरचा म्हणतो, "उद्या या." कशासाठी, तर पीएफच्या पेन्शनसाठी, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर बसली आहे! लाज वाटत नाही? जिवंत माणसाला जिवंत असल्याचा कागद, चालत्या गाडीला मेल्याचा कागद. खुर्चीत बसलेल्यांचा दाखला मात्र कुणी मागायचा नाही.

मी हे सगळं अण्णांना तावातावानं सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, केबिनमध्ये चढून स्टार्टर मारला. दोनदा नुसतीच घरघर. तिसऱ्यांदा काळा लोट फाट्यावर पसरला, मिसळीच्या गाड्यावरचे चार जण नाकाला रुमाल लावून उठले.

"मास्तर," अण्णा वरून ओरडले, "धुगधुगी हाय अजून!"