कंपनीत काय्झेन, घरी कंबरदुखी

पिंपरी-चिंचवडमध्ये ‘करार झाला’ म्हटलं की कुठला करार, हे कुणी विचारत नाही. युनियनच्या आणि व्यवस्थापनाच्या सह्या झाल्या, पगारवाढ ठरली, मागचा फरक खात्यावर आला. पुढच्या रविवारी आकुर्डीतली निम्मी बिऱ्हाडं फ्रीज बदलायला निघतात. जुना बिघडलाय म्हणून नव्हे. तो बिघडतच नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं बदलता आला नाही.

दुकानातला प्रवेश ठरलेला. साहेब पुढे, वहिनी मागे, पोरं एसीखाली. साहेब दार उघडतात, आतला दिवा लागला म्हणून समाधानानं मान हलवतात, दार लावतात. विक्रेता सांगतो, “सर, फाइव्ह-इन-वन कन्व्हर्टिबल आहे. फ्रीजरचासुद्धा फ्रीज होतो!” सर खूश. घरी ज्याच्या हातून रिकामी बाटली भरून ठेवणं होत नाही, तो फ्रीजरचा फ्रीज कधी करणार, हा प्रश्न वहिनींच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो. पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांना विचारतात फक्त रंग. “मॅडम, प्लेन दाखवू की फुलांचा?”

आता हेच साहेब सोमवारी चाकणला पहिल्या पाळीत काय करतात ते बघा. असेंब्ली लाइनवरच्या माणसाला बोल्ट उचलायला वाकावं लागतंय, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लगेच स्टॉपवॉच निघतं. बोल्टचा ट्रे कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली येतो, कारण सारखी लागणारी वस्तू याच पट्ट्यात हवी, हे जपान्यांनी शिकवलं आणि आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्यानं भिंतीवर लिहिलं. काय्झेनच्या बोर्डावर दोन फोटो लागतात. ‘आधी’मध्ये ऑपरेटर वाकलेला, ‘नंतर’मध्ये ताठ. साहेबांना प्रमाणपत्र मिळतं, जीएमशी हस्तांदोलन होतं, चहाबरोबर सामोसा येतो.

आणि संध्याकाळी घरी? ‘आधी’चा फोटो रोज स्वयंपाकघरात उभा असतो. म्हणजे वाकलेला असतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या डबल डोअर फ्रीजची मांडणी आठवा. वर फ्रीजर, खाली फ्रीज, अगदी तळाला भाजीचा कप्पा. मराठी स्वयंपाकात सारखं काय लागतं? कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबू, कढीपत्ता. हे सगळं कुठं? तळाला, गुडघ्याच्याही खाली. पहिल्या पाळीची बस पहाटे नाक्यावर येते, तिच्याआधी डबा व्हायचा असतो, त्यामुळे फोडणी तापत असताना कढीपत्त्यासाठी उकिडवं बसण्याचा योग रोजचा. मग फ्रीजरमध्ये काय असतं? बर्फाचा ट्रे, जो एप्रिल-मे सोडला तर पाहुण्यासारखा पडून असतो. हिवाळ्यात स्वस्त मिळाले म्हणून सोलून ठेवलेले मटार. खवलेला नारळ. मागच्या वर्षीचा आमरस. रोज उघडायचं एकच कारण, सायीचा डबा. तर घरातल्या सगळ्यात मोक्याच्या जागी, डोळ्यांसमोर, हात सहज पोचेल तिथं बर्फ बसलेला आणि दिवसभर लागणारी मिरची तळघरात. हीच मांडणी कुणी चाकणच्या लाइनवर केली असती तर साहेबांनी त्याला मेमो दिला असता.

बरं, फ्रीजर वर का, याला एके काळी शास्त्राचा आधार होता. थंड हवा जड असते, ती खाली उतरते. सिंगल डोअर फ्रीजमध्ये थंडी तयार करणारी नळी फ्रीजरच्या पेटीलाच गुंडाळलेली असते. पेटी वर ठेवली की थंडी आपोआप खाली झिरपते, पंखा लागत नाही. गोदरेजनं 1958 मध्ये पहिला भारतीय फ्रीज आणला, तेव्हापासून आपल्या डोळ्यांना फ्रीजर म्हणजे वरचं, हे इतकं सवयीचं झालं की ते निसर्गनियमासारखं वाटायला लागलं. पुढे फ्रॉस्ट-फ्री आले. त्यांत नळी मागच्या पत्र्याआड गेली आणि गार हवा कुठं पाठवायची हे पंखा ठरवायला लागला. पंख्याला वर-खाली सारखंच. म्हणजे फ्रीजर वरच हवा हे कारण तेव्हाच संपलं. सवय मात्र राहिली.

खाली फ्रीजर असलेले फ्रीज मिळत नाहीत असंही नाही. हायरनं तर भारतात ‘कमी वाका’ याच मुद्द्यावर ते विकायचा चंगच बांधला. हायर, व्हर्लपूल आणि एलजी या तिघांचेही फ्रीज आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनतात. महागणपतीच्या शेजारी. तिथून शिक्रापूरमार्गे चाकणला येणारा रस्ता ट्रकांनी कायम तुंबलेला असतो, त्यामुळे फ्रीज इथवर पोचायला वेळ लागतो, हे मान्य. पण कल्पना पोचायला इतकी वर्षं का लागावीत?

कारण दुकानात पैसे देणारा एक आणि घरी वाकणारी दुसरी. इतकंच कारण आहे. तोच माणूस जर दोन्ही कामं करत असता, तर बाजारातले वरच्या फ्रीजरचे निम्मे फ्रीज एव्हाना भंगारवाल्याकडे गेले असते.

करार जरा घसघशीत झाला की साहेबांची नजर साइड-बाय-साइडवर जाते. दोन उभी दारं, कपाटासारखी. एका दाराला बाहेरून पाणी आणि बर्फ द्यायची सोय. यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रुंदी साधारण 90 सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. प्राधिकरणातल्या जुन्या घरांचे स्वयंपाकघराचे दरवाजे अडीच फुटांचे. फ्रीज बाहेर हॉलमध्ये उभा, माणसं त्याची दारं स्क्रू काढून उतरवताहेत, काकू “अहो भिंतीचा रंग!” म्हणून ओरडताहेत, हा कार्यक्रम कुठल्याही सोसायटीत बघायला मिळतो, तिकीट नाही. काहींच्या घरी तो हॉलमधून आत गेलाच नाही. आता टीव्हीशेजारी उभा आहे. पाहुणे आले की त्यांना त्यातून पाणी दाबून दाखवतात.

आत गेला तरी सुख नाही. तीन फुटांचे उभे दोन भाग केले की कुठलाच भाग रुंद राहत नाही. मळलेल्या कणकेची परात आडवी जात नाही. उकडीचे मोदक ठेवलेलं ताट तिरपं करावं लागतं, आणि तिरपा मोदक घसरतो, हे पदार्थविज्ञान. शिवाय फ्रीज कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवलात तर त्या बाजूचं दार पुरतं उघडत नाही, आणि दार पुरतं उघडल्याशिवाय आतले कप्पे बाहेर येत नाहीत. अमेरिकेत या फ्रीजचा शोभेपेक्षा फार उपयोग असेल, तिथं गोठवलेला पिझ्झा उभा ठेवतात. विजेचा हिशेब तिथलाच सांगतो: वरच्या फ्रीजरचे फ्रीज सगळ्यात कमी वीज खातात, साइड-बाय-साइड सगळ्यात जास्त, आणि दारातून बर्फ हवा असेल तर आणखी. आपल्याकडे फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर तारे लावणं 2010 पासून सक्तीचं आहे, पण लोक तारे मोजतात आणि खाली छापलेली वर्षाची युनिटं वाचत नाहीत. तारे त्याच आकाराच्या फ्रीजमध्ये तुलना करायला असतात. मोठ्या फ्रीजचे तीन तारे छोट्याच्या दोन ताऱ्यांपेक्षा जास्त बिल आणू शकतात. युनिटं वाचा, तारे आकाशात बघा.

फ्रेंच डोअर म्हणजे वर दोन अर्धी दारं आणि खाली फ्रीजरचा ड्रॉवर. मांडणी उत्तम, परातही जाते. किमतीचा आकडा ऐकल्यावर मात्र पुढच्या कराराची वाट बघणं बरं.

दाराच्या बिजागरीबद्दल तर कुणी बोलतच नाही. बहुतेक फ्रीजचं दार उजव्या बाजूला बिजागरी धरून उघडतं. ओटा जर फ्रीजच्या उजवीकडे असेल तर दार उघडलं की ते नेमकं फ्रीज आणि ओटा यांच्यामध्ये येतं. मग दुधाचं पातेलं घेऊन दाराला प्रदक्षिणा. रोज, सकाळ-संध्याकाळ. बिजागरी ओट्यापासून लांबच्या बाजूला हवी, म्हणजे दार उघडलं की समोर ओटा. काही मॉडेलांचं दार उलटं बसवता येतं, बऱ्याचशांचं येत नाही. विक्रेत्याला विचारलं तर तो “होऊन जाईल सर” म्हणतो. हे ‘होऊन जाईल’ बिलावर लिहून घ्या. इंटिरियरवाले ट्रॉल्यांचे हँडल कुठल्या रंगाचे यावर तासभर चर्चा करतात, आणि फ्रीजचं दार शेवटच्या ट्रॉलीवर आपटतं ते गृहप्रवेशानंतर कळतं.

सिंगल डोअरला नाक मुरडणाऱ्यांसाठी दोन शब्द. तो फ्रीज गरिबाचा म्हणून बदनाम झाला, पण आपल्या घराची नस त्यालाच कळली आहे. खाली कांद्या-बटाट्याचा ड्रॉवर, जो थंड होत नाही आणि व्हायलाही नको. तो ड्रॉवर स्टँडचंही काम करतो, म्हणजे फ्रीज आपसूक वर उचलला जातो आणि भाजीचा कप्पा तेवढा जवळ येतो. पंखा नाही, म्हणून उघडी ठेवलेली कोथिंबीर लवकर सुकत नाही. बर्फ जमतो हे खरं. बटण दाबून वितळवावा लागतो, हेही खरं. पण ज्यांच्या घरी माणसं तीन आणि स्वयंपाकघर सात बाय आठ, त्यांनी शेजारच्यांच्या दाराकडे बघून 500 लिटरचं स्वप्न पाहू नये. याच फ्रीजला अजून कुलूप-किल्ली येते. ती कुणासाठी असते, हे प्रत्येक घरात वेगळं.

मोठ्या पातेल्यांचा विचार आकुर्डीत तरी करायलाच हवा. वारीत तुकोबांची पालखी देहूतला पहिला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. त्या दिवशी आसपासच्या किती घरांत दूध, ताक, मळलेली कणीक मोठ्या भांड्यांनी आत-बाहेर होत असते! फळ्या वर-खाली सरकवता येतात का, एक फळी काढली तर दुधाचं मोठं पातेलं झाकणासकट उभं राहतं का, हे दुकानात बघून घ्यायचं असतं. पातेलं बरोबर नेलंत तरी चालेल. लोक हसतील. हसू द्या. घरी रडण्यापेक्षा ते बरं.

खाली फ्रीजर घ्या, असं मी म्हणतो तेव्हा कोकणातले मित्र अंगावर येतात. त्यांचंही खरं आहे. गावाहून बर्फात घालून आणलेली सुरमई आणि रविवारचं मटण ज्यांच्या घरी वसतं, त्यांचा फ्रीजर रोज उघडतो. तरी तळाच्या फ्रीजरलाही ड्रॉवर असतात, ओढला की वरून सगळं दिसतं, वरच्या फ्रीजरसारखं आत हात घालून चाचपावं लागत नाही, की मटाराची गोठलेली पिशवी कपाळावर पडत नाही. थंड हवाही तळाशीच साठते, दार उघडल्यावर सगळी बाहेर सांडत नाही. उणीव म्हणाल तर मॉडेलं कमी आणि किंमत थोडी जास्त. ती जास्तीची किंमत हाडांच्या डॉक्टरच्या पहिल्या दोन भेटींत वसूल होते.

गुरुवारची गोष्ट राहिली. आपल्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास थंड राहतो आणि गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवससुद्धा, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आपल्या मे महिन्यात जरा कमी धरा. पण आपल्याकडे वीज गेली की घरातला प्रत्येक जण येऊन दार उघडतो आणि “अजून थंड आहे बरं का” असं जाहीर करून जातो. याला कुठलीच मांडणी पुरी पडत नाही.

तर माझा निकाल असा. चौघांच्या घराला फ्रीजर खाली, भाजीचा कप्पा कमरेजवळ, 300 लिटरच्या आसपास. तिघांना सिंगल डोअर, स्टँडवर. साइड-बाय-साइड ज्यांना हॉलमध्येच ठेवायचा आहे त्यांनाच.

दुकानात जाण्याआधी तीन मापं घ्या: फ्रीजची जागा, स्वयंपाकघराचा दरवाजा, लिफ्ट. बिजागरी कुठल्या बाजूला हवी ते कागदावर लिहा. आणि तिथं गेल्यावर पैसे देणाऱ्यालाच तळाचा कप्पा दहा वेळा उघडायला लावा, पुरा बाहेर ओढून, वाकून, हातात एक काल्पनिक पळी धरून. त्यानंतरच त्याला कार्ड काढू द्या.