रिकाम्याच आहात ना?

मधुमेह फक्त रक्तात असतो अशी माझी समजूत होती. तो खांद्यातही जाऊन बसतो हे अंबाडा घालायला हात मागे जाईना तेव्हा कळलं. आधी वाटलं, उशी बदलली म्हणून. हे म्हणाले, "वारं लागलं असेल." आमच्या घरात कारण सापडलं नाही की वारं लागतं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी माझा हात धरून वर केला, मी ओरडले, आणि त्यांनी शांतपणे पहिला प्रश्न विचारला, "शुगर आहे का?"

दुखण्याचं नाव फ्रोझन शोल्डर. बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या डॉक्टरांनी ते १९३४ साली रूढ केलं. रक्तातली जास्तीची साखर सांध्याच्या आवरणातल्या कोलॅजेनला चिकटत जाते आणि आवरण ताठ होतं. म्हणून साखरवाल्यांना हे दुखणं इतरांपेक्षा कितीतरी अधिक. बरं व्हायला वर्ष, दोन वर्षंही लागतात. तेवढ्यात आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा दुरुस्त होते.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काकू, खांदा तुम्हालाच हलवायचाय. आणि नुसता खांदा नाही." मग तिने हिशेब मांडला: आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि सलग दोन दिवसांच्या वर सुट्टी नाही.

"गौरी-गणपतीत?" मी विचारलं.

"तेव्हा तर नाहीच नाही," ती म्हणाली. मोदकांचा विषय मी मग काढलाच नाही.

तिने दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'घरी करायचे व्यायाम'. हे ज्याने छापलं तो नक्की होस्टेलवर राहत असणार. घरात बाईमाणूस जागच्या जागी उभं दिसलं की ते रिकामं आहे, असं सगळे धरून चालतात. पहिला व्यायाम ओट्याला एक हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून लोलकासारखा फिरवायचा. सासूबाईंनी पाहिलं. "काय पडलं गं?" म्हणत त्याही वाकल्या आणि चष्मा सावरत फरशी शोधू लागल्या. मी सांगेपर्यंत त्यांना खरोखरच एक सेफ्टी पिन सापडली. तेव्हापासून हा व्यायाम उपयोगी आहे, असं त्यांचं मत झालं.

दुसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करत वर चालवत न्यायची, अडतील तिथे पेन्सिलीने खूण करायची, उद्या त्याच्या वर जायचं. भिंत गेल्या दिवाळीत रंगवलेली. माझी बोटं कानाच्या पातळीवरून वर गेली हे कुणाच्या गावीही नाही, यांना पेन्सिल तेवढी दिसली. तोल सांभाळायला खुर्चीशेजारी एका पायावर उभी राहिले तर आतून आवाज, "रिकामीच आहेस ना, तिसरी शिट्टी झाली, कुकर बंद कर." ताणायचा पिवळा रबरी पट्टा दोन दिवस सापडेना. तो माळ्यावरच्या गादीच्या वळकटीला बांधलेला निघाला. पक्का बांधला होता, हे मान्य करायला हवं.

"घरकाम होतंच की, वेगळा व्यायाम कशाला?" हा सासूबाईंचा सिद्धांत. मी तो फिजिओथेरपिस्टला ऐकवला. ती म्हणाली, "कामात दर दोन मिनिटांनी थांबणं होतं, काकू. चालताना दम असा लागला पाहिजे, की बोलता यावं, पण गाता येऊ नये." कसोटी उत्तम आहे, पण ज्याने काढली त्याने आमच्या बागेतल्या बायका पाहिलेल्या नाहीत. बोलणं आमचं कुठल्याच वेगात थांबत नाही, आणि भजनी मंडळातली एक जण चढावर अभंग म्हणते.

एक गोष्ट मात्र मनापासून पटली. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढतो तेव्हा तो इन्शुलिनच्या परवानगीसाठी थांबत नाही. इन्शुलिन अंगाला लागू पडेनासं झालेल्या माणसाला हा केवढा आधार! म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला म्हणतात. हे म्हणाले, "मग आपली शतपावली काय वाईट?" वाईट काहीच नाही, पण बऱ्या वेगाने शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. हे तेवढी मोजून, परंपरा राखल्याच्या समाधानात वामकुक्षीला जातात. उरलेली मी गच्चीवर पूर्ण करते.

पायांची परीक्षाही झाली. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवतात, आणि डोळे मिटून 'कळलं' म्हणायचं. मला कळलं. तरी घरातही चप्पल घाला आणि रोज रात्री आरसा धरून तळवे तपासा, असं बजावलं, कारण संवेदना गेली की जखम झालेली समजतच नाही. घरात चप्पल म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी देवघराच्या उंबरठ्यापर्यंत, असा तह झाला.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामात साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन छोटे चमचे साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शेजारच्या काकांनी यातलं 'साखर घ्यायची' एवढंच ऐकलं. ते फिरायला निघण्याआधीच पेढा खातात, खबरदारी म्हणून. त्यांच्या मशीनने ७० हा आकडा अजून पाहिलेला नाही.

माझा अंबाडा आता मलाच घालता येतो. पाठीवरचा हूक अजून लागत नाही, पण भिंतीवरच्या खुणा दाराच्या चौकटीपर्यंत गेल्या आहेत. तेव्हा वाचकहो, एक विनंती. घरात कुणी भिंतीला बोटं लावून, निमूट, दात-ओठ खात उभं दिसलं, तर ते माणूस कामात आहे. कुकर तुम्ही बंद करा.