आण्णांच्या झोपेचं समाश्रयण

ज्या घरात सकाळच्या पहिल्या चहासोबत ‘रातभर डोळ्याला डोळा लागला नाही’ हे वाक्य ऐकू येतं, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका आहे. जिंतुरात अशी घरं पुष्कळ. आमच्याकडे हे वाक्य थोरले बंधू आण्णा उच्चारतात आणि त्यानंतर जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. झोप मोडली म्हणून डोकं फिरतं, असं आण्णांचं प्रतिपादन. डोकं लग्नाच्या आधीपासूनच फिरलेलं आहे, झोपेचा त्यात काही दोष नाही, असं वहिनींचं. दोन्ही पक्ष जुने आणि साक्षीदार फितूर. अशा वेळी संख्याशास्त्राला शरण जावं.

साहित्य: एक वही, खिळ्याला दोरीनं बांधलेला पेन (मोकळा पेन नातवंडं ठेवत नाहीत), आणि ज्याला एक्सेल येतं असा एक भाचा.

नियम पहिला. आधी मनःस्थिती लिहावी, मग झोप. हा क्रम उलटला की अभ्यास तिथेच बुडाला. ‘चारच तास झोपलो’ असं एकदा वहीत चढलं की माणूस त्या चार तासांना शोभेल असं तोंड करून बसतो. मनःस्थितीला १ ते १० गुण द्यावेत, आणि दोन्ही टोकं आधी ठरवून घ्यावीत. आमच्याकडे १ म्हणजे सोयाबीन काढून ढीग लावला आणि त्याच रात्री पाऊस आला तो दिवस. १० म्हणजे नातीचं बारसं. टोकं नक्की नसतील तर सोमवारचा पाच आणि गुरुवारचा पाच यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. गुण रोज एकाच वेळी विचारावेत. दहा वाजता बरे.

प्रत्यक्षात काय होतं, तर आण्णा म्हणतात, “बरंय म्हणून लिही.” दुसऱ्या दिवशीही बरंय. तिसऱ्या दिवशी, तोंड चुलीतल्या राखेसारखं झालेलं असताना, तेही बरंय. सगळे आकडे सारखे आले की प्रमाण विचलन शून्य होतं, सहसंबंधाच्या सूत्रात भागाकार शून्यानं करावा लागतो, आणि गणित खाली बसतं. पुरुषमाणसाच्या ‘बरंय’नं संख्याशास्त्राचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं खोट्या आकड्यांनीही केलं नसेल. उपाय एकच: “कसं वाटायलंय” असं विचारू नये, “कालच्यापेक्षा बरं का वाईट” असं विचारावं. वाईट म्हणायला आण्णा कधीच मागे हटत नाहीत.

नियम दुसरा. झोप मोजायला तीन साधनं असतात: खुद्द आण्णा, मनगटावरचा पट्टा आणि वहिनी. पट्टा भाच्यानं पुण्याहून पाठवला. एका सकाळी आण्णा म्हणाले, झोप शून्य. पट्टा म्हणाला, सात तास. वहिनी म्हणाल्या, “घोरण्यानं पत्रे हालत होते.” इथे बहुमतानं निकाल लावायचा मोह होतो आणि आम्हीही चारचौघांत हसून घेतो. शास्त्रही अर्धं आमच्या बाजूनं आहे: झोपेची तक्रार असणारी माणसं आपली झोप असते त्याहून कमी सांगतात, हे झोपेच्या प्रयोगशाळांत डोक्याला तारा लावून पुष्कळदा दिसलं आहे. पण उरलेलं अर्धं शास्त्र ऐकवतो. मनगटाचा पट्टा मुख्यतः हालचाल मोजतो. जागा माणूस न हलता पडून राहिला तर पट्टा त्याला बऱ्याचदा झोपलेला धरतो. आणि आण्णा जागे असले की हलत नाहीत. बाज करकरते, वहिनींची झोप मोडते, म्हणून ते एका कुशीवर दगडासारखे पडून असतात. हे ते कुणाला सांगत नाहीत. तेव्हा घोरण्याची साक्ष त्या त्या तासापुरतीच ग्राह्य धरावी. अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि मध्ये किती वेळा जाग आली हे आण्णांनाच विचारून लिहावं, आणि लिहिताना हसू नये.

नियम तिसरा. चांगल्या रात्रीही लिहाव्यात. जिंतूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. पीक विम्याचा पीक कापणी प्रयोग ज्या प्लॉटवर होतो त्यावर साऱ्या मंडळाचं नशीब ठरतं, आणि तो प्लॉट कुणाच्या सोयीनं निवडला तर काय होतं यावर मोंढ्यातला कुणीही तासभर बोलेल. प्लॉट चिठ्ठी टाकल्यासारखा यदृच्छेनं निवडावा, ही पद्धत आपल्याकडे बसवली ती वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी; शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं दोघांचं पुस्तक १९५४ साली आलं. आण्णा मात्र वही उघडतात ती रात्र वाईट गेली तरच. पंधरा दिवसांनी वही पाहिली तर वाटावं, हा माणूस दिवाळीपासून झोपलेला नाही.

सरासरीबद्दल थोडक्यात: सप्ताहाचा भोंगा किंवा दारावरून गेलेली वरात अशी एक रात्र सगळी सरासरी खाली ओढते. त्या महिन्यात मध्यक धरावा.

नियम चौथा. रेघ ओढण्याआधी आलेखावर ठिपके मांडावेत. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ साली आकड्यांचे असे चार संच दाखवले की चौघांची सरासरी तीच, सहसंबंध तोच, रेघही तीच, आणि ठिपके मांडले की चार वेगळी चित्रं. आमच्या चित्रात नऊ तास झोपलेल्या दिवशीही गुण घसरलेले दिसले. तो दिवस तापाचा होता.

नियम पाचवा, म्हणजे मुख्य विधी, समाश्रयण. आडव्या अक्षावर झोप, उभ्यावर मनःस्थिती, आणि ठिपक्यांपासून उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी भरेल अशी रेघ. समजा, उत्तर आलं: गुण बरोबर दोन अधिक अर्धा गुणिले झोपेचे तास. सहा तासांना पाच गुण; पटतं. पण भाच्याला थांबवा. तो हीच रेघ पुढे ताणून चोवीस तासांच्या झोपेला दहापैकी चौदा गुण काढेल, आणि चोवीस तास उठला नाही तर जिंतुरात माणसाकडे लोक वेगळ्या कारणानं जमतात. जिथवर ठिपके, तिथवरच रेघ.

तसंच, सहसंबंध अर्धा आला तर त्याचा वर्ग पाव. म्हणजे गुणांच्या चढउतारापैकी पाव भागच झोपेच्या हिशेबात बसतो. हे जाहीर करताच आण्णा आणि वहिनी दोघंही आपण जिंकलो म्हणून उठून जातात.

नियम सहावा, लाईटचा. इथे जिंतूर जगाच्या पुढे आहे. कमी झोपेनं मन बिघडतं की बिघडलेल्या मनानं झोप उडते, हे नुसत्या रेघेतून कळत नाही. आण्णा संध्याकाळी बांधाच्या वादावरून घशाला कोरड पडेस्तोवर बोलतात, रात्री जागतात, आणि सकाळी दोष झोपेला. म्हणून समीकरणात कालचे गुणही घालावेत. पण त्याहून पक्कं साधन म्हणजे शेतीपंपाची थ्री फेज लाईट, जी पाळीपाळीनं कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला आण्णा बॅटरी घेऊन निघतात. ही पाळी आण्णांच्या मनःस्थितीकडे पाहून ठरत नाही. म्हणजे झोप बाहेरून मोडली गेली. दिवसाच्या पाळीतले गुण आणि रात्रीच्या पाळीतले गुण शेजारी ठेवावेत. असा प्रयोग अर्थशास्त्रज्ञ शोधत हिंडतात आणि आपल्याला तो फुकट मिळाला आहे. एकच खोट: रात्रीचं पाणी झोपेखेरीज थंडी, साप आणि रानडुकरंही सोबत आणतं, त्यामुळे गुण नक्की कशानं घसरले ते सांगता येत नाही. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, दिवसा लाईट मिळावी म्हणून. तालुक्यातच येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर वीज तयार होते, आणि त्याच तालुक्यात म्हातारा माणूस रात्री दोन वाजता मोटर चालू करायला चिखलातून जातो. असो. हा अभ्यासाचा विषय नाही.

नियम सातवा, जायफळाचा. औषध कधी सुरू होतं? सगळ्यात वाईट रात्रीनंतर. आणि सगळ्यात वाईट रात्रीनंतरची रात्र, काही न करता, बहुधा त्याहून बरी जाते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली उंचीत हेच दाखवलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण तेवढी नसतात. मात्र आमच्याकडे त्या बऱ्या रात्रीचं श्रेय दुधातल्या जायफळाला, काशाच्या वाटीनं तळपाय घासण्याला, किंवा शेजारच्यांनी आणून दिलेल्या अंगाऱ्याला जातं. खरं पाहायचं तर रोज संध्याकाळी नाणं उडवावं. छापा आला तर जायफळ, काटा आला तर नुसतं दूध. परभणीच्या कृषी विद्यापीठात कपाशीचं कुठलं वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठीनंच ठरतं. कपाशीला मिळतो तो न्याय आण्णांना मिळायला हरकत नव्हती. आण्णांनी नाणं खिशात टाकलं आणि म्हणाले, “जायफळ घाल.”

नियम आठवा. अमावस्या, एकादशी, शनिवार, पाहुणे, वांगं अशा वीस गोष्टी तपासल्या तर त्यातली एखादी काही कारण नसताना खरी वाटते. ती वांगं निघाली की स्वयंपाकघरात सांगू नये.

नियम नववा. तक्रार महिनोन्महिने टिकली, किंवा घोरताना श्वास मध्येच अडकायला लागला, तर वही मिटून डॉक्टर गाठावा.

नियम दहावा. शेवटी ज्या ज्या दिवशी रेघ सगळ्यात जास्त चुकली ते दिवस वहीत शोधावेत. भाचा त्यांना अवशेष म्हणतो आणि टाकून देतो. टाकू नयेत. पाच तास झोप आणि नऊ गुण: लेकीचा फोन आला होता, बराच वेळ. साडेसात तास झोप आणि दोन गुण: मोंढ्यातून परत, भाव पडलेला. हे आकडे वहीच्या मागच्या पानांवर सोयाबीनच्या हिशेबाशेजारी आण्णांनी स्वतःच टिपले आहेत, कट्ट्यांच्या संख्येसकट. नवी वही आणायला जाल तेव्हा दोनशे पानी आणावी, आणि जुनीची मागची पानं फाडू नयेत.